सपाट चपलेची अट

माझं मत कोणी विचारो न विचारो, मी ते सांगते. बाईच्या कपड्यांत आणि चपलांत आधी एकच गोष्ट बघावी: ते घातल्यावर ती सरळ उभी राहते की नाही. रंग, काठ, जर, खडे हे सगळं त्याच्या नंतर. हे मी कुठल्या मासिकात वाचलेलं नाही. स्वतःच्या लग्नाच्या फोटोतून शिकले.

तो फोटो पौडच्या आमच्या घरात पुढच्या खोलीत लावलेला आहे. काळा-पांढरा, एकोणऐंशी सालचा, कमरेपर्यंतचा. त्यात मी आणि माझे यजमान नरहरी खांद्याला खांदा लावून उभे आहोत. यजमान तेव्हा एसटीत नुकतेच कंडक्टर म्हणून लागले होते. बघणारे म्हणतात, जोडा कसा शोभतो. शोभणारच, कारण मी गुडघ्यात वाकून उभी आहे. मी यजमानांपेक्षा चांगली चार बोटं उंच. फोटोवाला पुण्याहून आणलेला, त्याने आम्हाला शेजारी उभं केलं, कपाळाला आठी घातली आणि म्हणाला, "वहिनी, जरा गुडघ्यात वाका." मी वाकले. खालचं फोटोत येणार नव्हतं, त्यामुळे कोणाला कळायचा प्रश्न नव्हता. त्या फोटोत मी लाजल्यासारखी दिसते असंही लोक म्हणतात. लाजते कसली, मांड्या थरथरत होत्या.

'मोडेन पण वाकणार नाही' हे पुरुषांनी भाषणात म्हणायचं आणि बायकांनी फोटोत वाकायचं, अशी आपल्याकडची वाटणी आहे. मला लहानपणी माले गावात सगळे 'बानू बांबू' म्हणायचे. आई म्हणायची, मान खाली घालून चालत जा, उंची कमी दिसते. मी चालले. पायात कायम सपाट चपला. स्लीपरचा तळ झिजला की मी खूश व्हायचे, तेवढीच ठेंगणी झाले म्हणून.

आता तुम्ही म्हणाल, पौडसारख्या गावात फॅशन कसली. मुळशीत जमिनींना भाव आला त्या सालापासून फॅशनही आली, आणि आली ती अशी की नाकापेक्षा मोती जड. पुरुषांचं आधी सांगते. पांढरी पँट, पांढरा शर्ट आणि पांढरे टोकदार बूट. चार महिने इथे गुडघाभर चिखल, उरलेले महिने लाल धूळ, आणि ह्यांना बूट हवे पांढरे. त्या टोकात पायाची बोटं कुठे जातात हे मला अजून कळलेलं नाही. बायकांचं सगळं मालिकेवर. मालिकेतल्या सुनेने जाळीची साडी नेसली की पुढच्या लग्नसराईत सगळ्या मुळशी तालुक्याला जाळी. तिला खडे इतके की पंगतीत शेजारी बसलेल्या बाईचे केस अडकतात. दुकानदार म्हणणार, डिझायनर पीस आहे काकू, असा दुसरा मिळायचा नाही. मांडवात गेलं की तोच पीस चौघींच्या अंगावर.

मला नवं आवडत नाही असं कोणी समजू नये. पौडात माझ्या वयाच्या बायकांत पंजाबी ड्रेस पहिल्यांदा मी घातला. तेव्हा आळीतल्या बायका दारात येऊन बघत होत्या, आणि वर्षभराने त्याच बायका मला विचारत होत्या की शिंपी कोणता. नवं घालावं, पण स्वतःच्या अंगाला विचारून घालावं, एवढंच माझं म्हणणं. हे मी दुकानदाराला तोंडावर सांगते, म्हणून भावकीत कोणाचा बस्ता निघाला की मला आधी गाडीत घालतात. बस्ता म्हणजे लग्नाची कापडखरेदी. दोन्हीकडची माणसं एकत्र दुकानात जातात, गादीवर मांडी घालून बसतात, आणि नवरीला सोडून सगळ्यांना विचारून नवरीच्या साड्या घेतात.

माझा भाऊ कोंडिबा मालेत राहतो. थोडी भातखाचरं, बाकी शेरडं. त्याची थोरली पोर नंदा थेट माझ्यावर गेली. बारावी होईतो तिने बापाला मागे टाकलं. शाळेत शेवटच्या बाकावर, फोटोत मागच्या रांगेत, आणि चालताना मान खाली. मी तिला बघायचे आणि मला माझाच राग यायचा, कारण तिला ताठ चालायला शिकवावं तर मलाच कुठे येत होतं.

मग तिला भूगावच्या रस्त्याला गाड्यांच्या एका शोरूममध्ये नोकरी लागली. काचेचं दार, आत गार हवा, आणि दारात उभं राहून येणाऱ्याला नमस्कार करायचा. तिथल्या पोरींना काळी पँट आणि काळी उंच टाचेची सँडल सक्तीची. मालेच्या वाटेने त्या टाचा घालून येणं शक्यच नव्हतं आणि बापाला दाखवणंही नको होतं, म्हणून त्या माझ्याकडे राहायच्या. नंदा सकाळी मालेहून जीपने पौडला यायची, माझ्या ओट्यावर चपला काढायची, टाचा चढवायची आणि पुढची गाडी पकडायची. संध्याकाळी उलट. ओट्यावर उभी राहिली की तिचं डोकं माझ्या दाराच्या चौकटीला लागायचं. पहिल्या आठवड्यात तिने ते दोनदा आपटून घेतलं, पण मान काही खाली घातली नाही. मला त्या पोरीकडे बघून इतकं बरं वाटायचं की मी चहा ओतायची विसरायचे.

त्या शोरूममध्ये सिद्धनाथ गाडी घ्यायला आला. पिरंगुटच्या बाजूचं घर, रस्त्याकडची जमीन विकलेली, पोरगा कामाला वाघ, स्वतःची दोन खोदाईची मशिनं. उंचीने मात्र बेताचा. गाडी घेऊन गेला आणि पुढच्याच आठवड्यात परत आला. म्हणे, हॉर्न नीट वाजत नाही. बदलून दिला. पुन्हा आला, पुन्हा हॉर्न. शोरूममधले मेकॅनिक कंटाळले. नंदा मला हे सांगताना तोंडाला पदर लावून हसायची, म्हणजे पदर माझाच. पुढे त्याच्या घरून रीतसर विचारणा आली आणि कोंडिबाला आभाळ ठेंगणं झालं.

सुपारीच्या दिवशी मी मालेत होते. सिद्धनाथची आई धोंडाबाई विधवा बाई, एकटीने पोर वाढवलेली, बोलायला ठसठशीत. चहा झाला, पोहे झाले. मग ती म्हणाली, "दोगं जरा शेजारी उबी ऱ्हावा." उभी राहिली. नंदा अनवाणी होती तरी चांगली चार बोटं वर. धोंडाबाईने आपला हात पोराच्या डोक्यावरून आडवा नेला आणि तो नंदाच्या भुवईला टेकला.

"हुंडा नगं, मानपान नगं," धोंडाबाई कोंडिबाला म्हणाली. "एकच सांगनं हाय. पोरीनं उंच टाचंचं घालायचं न्हाई. लग्नात न्हाई, लग्नामागून बी न्हाई. सपाट चप्पल. आन अक्षता पडताना पोरगा पाटावर ऱ्हाईल, नवरी भुईवर."

"येवढंच व्हय?" कोंडिबा म्हणाला. बिचाऱ्याने श्वास रोखून धरला होता, तो सोडला. "ठरलं."

मी त्याला मागच्या पडवीत ओढला. "काय ठरलं रं? पोरीला इचारलंस?"

"अक्का, लोक घरंदारं मागत्यात, त्यांनी चप्पल मागितली. चपलंपायी सोयरीक मोडू का मी?"

एवढं बोलून तो आत गेला आणि साखर वाटायला लागला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नंदा माझ्या ओट्यावर टाचा काढत बसली होती. मी म्हटलं, "न्हाई म्हन. अजून पत्रिका छापल्या न्हाईत."

"सिद्धनाथ चांगला हाय, आत्या. मला पसंत हाय. त्याला कशापायी न्हाई म्हनू?"

"मंग सपाट घालून बस जल्मभर."

ती सँडलच्या पट्ट्यावरून बोट फिरवत राहिली. "पयल्या दिवशी हे घालून मी शोरूममदी धाडकन पडले हुते. सगळ्यांम्होरं. आमचा म्यानेजर म्हनला, सरळ उबी ऱ्हा, वाकतीस म्हनून पडतीस. सरळ उबी ऱ्हा असं मला आजवर कुनीच म्हनलं न्हवतं. मला तो बी पायजे आन हे बी पायजे. त्यात माझं काय चुकलं?"

काही चुकलं नव्हतं. मी तिला तसं सांगितलं आणि रात्रभर धोंडाबाईला मनातल्या मनात सुनावत पडले.

बस्त्याला आम्ही पुण्याला लक्ष्मी रस्त्यावर गेलो. सिद्धनाथने नवी गाडी आणली होती, आणि ती लावायला जागा मिळेना म्हणून तो सबंध बस्ताभर त्या गल्ल्यांमधून गाडी फिरवत राहिला. त्यामुळे नवरदेव आमच्यात नव्हता. गादीवर धोंडाबाई, तिच्या दोन जावा, कोंडिबा, वहिनी, मी आणि कोपऱ्यात नंदा. शालू चांगला निघाला, डाळिंबी रंगाचा, त्याला मीही हात लावून पाहिला आणि गप्प बसले. त्याला हळदकुंकू लावलं. मग धोंडाबाईने स्वागतसमारंभासाठी राणी रंगाची जाळीची साडी काढायला लावली. खडे असे की दुकानातल्या दिव्यांची गरज नव्हती.

"ही पोरीला दिवसभर टोचंल," मी म्हटलं.

"मालिकंत बगितलीया मी. टोचत असती तर त्येंनी नेसली असती का?"

"त्येंना नेसायचे पैसे मिळत्यात, धोंडाबाई."

जावा हसल्या, धोंडाबाई हसली नाही. साडी घेतली गेली. मी माघार घेतली, कारण भांडायला मला जोर राखून ठेवायचा होता. कापडवाला बस्ता बांधायला बसला आणि आम्ही समोरच्या चपलांच्या दुकानात गेलो.

तिथे धोंडाबाईने पोरासाठी आधी मोजडी घेतली. वरून साधी दिसणारी, पण आत टाचेखाली जाड गादी बसवलेली. मग नंदासाठी सोनेरी रंगाची, कागदासारखी सपाट चप्पल पुढे केली.

"सोनं पायात घालत न्हाईत," मी म्हटलं. "लक्षुमी असतीया."

"सोनं कुटं हाय? सोनेरी हाय."

"मग मोजडी बी कुटं उंच हाय? आतूनच उंच हाय."

एवढ्यात नंदाने फळीवरून एक सँडल उतरवली होती. डाळिंबी रंगाची, शालूला जुळणारी, टाच चांगली तीन बोटं. तिने ती पायात घातली, पट्टा लावला आणि उभी राहिली. चपलांच्या दुकानातला आरसा जमिनीलगत असतो, त्यात माणसाचे फक्त पाय दिसतात. नंदाला तेवढेच दिसत होते, आणि तरी ती हसली.

धोंडाबाई उठून तिच्यापुढे आली. तिला मान वर करून बोलावं लागलं. "काड ते."

"मामी, फकस्त फोटूपुरतं," नंदा म्हणाली. सासूला ती तेव्हापासूनच मामी म्हणत होती.

"फोटूपुरतंच नगं हाय मला. फोटू जल्मभर भिताडावर ऱ्हातुया." धोंडाबाईचा आवाज चिरकला. "माज्या पोराला साळंत गिड्डा म्हनायचे. गावात गिड्डा म्हनायचे. मशिनं घेतली, गाडी घेतली, तवा कुटं सिद्धूशेट म्हनाया लागले. आता बायकूच्या शेजारी उबा केला की पुन्यांदा गिड्डा. काडत नसशील तर समोर सांगून येते मी, बस्ता बांदू नका म्हनून."

हळदकुंकू लागलेला शालू सुटा ठेवून उठणं म्हणजे लग्नच मोडणं. कोंडिबा पोरीपुढे हात जोडून उभा राहिला, भर दुकानात. बापाने हात जोडल्यावर पोर काय करणार. नंदा खाली बसली आणि पट्टे सोडू लागली.

मला धोंडाबाईचं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. एकटीने वाढवलेल्या पोराला लोक हसतात हे सोसणं सोपं नाही. पण आपला पोरगा वाढत नाही म्हणून दुसऱ्याची पोरगी छाटायची, हा न्याय मला पटणारा नव्हता. आणि नंदा खाली बसताना तिची मान पुन्हा वाकली, ती शाळेत वाकायची तशी. ते बघून माझं डोकं फिरलं.

"ते डाळिंबी सँडल बांधा," मी दुकानदाराला म्हटलं.

"कुनासाठी?" धोंडाबाईने विचारलं.

"माज्यासाठी. अट पोरीला हाय, पोरीच्या आत्याला न्हाई."

दुकानदार म्हणाला, एवढ्या मोठ्या मापाचा हा एकच जोड आहे, बायका सहसा एवढं माप घेत नाहीत. बानूबाई घेतात, मी म्हटलं. माझं आणि नंदाचं माप एक आहे हे मी कोणाला सांगितलं नाही. नंदाने मात्र माझ्याकडे पाहिलं आणि पटकन दुसरीकडे पाहिलं.

टाचा घालून चालणं मी पौडच्या घरात शिकले. पन्नाशीला आलेली बाई, स्वयंपाकघर ते पुढची खोली, भिंतीला हात लावत. यजमान पेपर खाली ठेवून बघत बसायचे. "पडशील," ते म्हणायचे. "पडले तर उचला," मी म्हणायचे. पोटऱ्यांत गोळे आले, अंगठा सुजला. हे काही सुखाचं पादत्राण नाही आणि शेतावर तर त्याचं काम नाही, हे माझं मत आजही आहे. पण त्यात वाकता येत नाही. वाकलं की माणूस पडतो, नंदाचा मॅनेजर म्हणाला होता ते खरं. एक दिवस मी तशीच पौडच्या बाजारात भाजी आणायला गेले. भाजीवाली म्हणाली, "बानूबाई, आज उंच दिसतायसा." मी म्हटलं, कोथिंबीर दे.

लग्न वैशाखात मालेला होतं, कापणी झालेल्या खाचरात मांडव घातला होता. ढेकळांवर सतरंज्या, आणि माझ्या टाचा सतरंजीतून थेट मातीत. तरी मी मांडवाच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत चालले. बायका एकमेकींना कोपराने ढोसत होत्या. कोणीतरी म्हणालं, म्हातारचळ लागला. धोंडाबाईने माझ्या पायांकडे पाहिलं आणि पदर सावरला. अटीत मी बसत नव्हते, करणार काय.

मंगलाष्टकांना सिद्धनाथला पाटावर उभा केला. अंतरपाट धरला. तरी नंदाचा गजरा पलीकडून वर दिसत होता, म्हणून धोंडाबाईने खुणेनेच आणखी एक पाट मागवला आणि तो पहिल्यावर ठेवायला लावला. पाटावर पाट ठेवलेला कोणी ऐकला आहे का. पाच मंगलाष्टकं तो पोरगा दोरीवरच्या डोंबाऱ्यासारखा उभा होता. अंतरपाट खाली आला, तो हार घालायला पुढे झुकला आणि वरचा पाट सरकला. तो तोंडावर पडायचाच, पण नंदाने त्याला दंडाला धरून सावरलं. सगळा मांडव हसला. सिद्धनाथही हसला. धोंडाबाई तेवढी हसली नाही.

जेवणं सुरू झाली आणि दोघांना कपडे बदलून स्टेजवर उभं केलं. नंदा राणी रंगाच्या जाळीत आणि सोनेरी चपलेत, सिद्धनाथ गादीच्या मोजडीत. मोजडीने त्याला उंच केलं होतं पण पुरेसं नाही. पौडचा वाल्मीक फोटो काढत होता. चांगला पोरगा आहे, कोणाचं वाईट चिंतणारा नाही. त्याने चार फोटो काढले, कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर बघितले, आणि म्हणाला:

"वहिनी, जरा गुडघ्यात वाका."

मी स्टेजच्या पायरीशी होते. इतक्या वर्षांनी तेच शब्द, जसेच्या तसे. माझ्या मांड्या आपोआप ताठ झाल्या. नंदाने माझ्याकडे पाहिलं. मग साडीची जाळी हलली, खडे चमकले, आणि मला कळलं की ती वाकते आहे.

मी पायऱ्या चढले. सँडल काढल्या आणि तिच्या पायांपुढे ठेवल्या, टाचा माझ्याकडे, तोंड तिच्याकडे, म्हणजे तिला सरळ पाय घालता येतील अशा नाहीत. घाईत उलट्या ठेवल्या होत्या. त्या फिरवून पुन्हा नीट ठेवल्या.

"घाल," मी म्हटलं.

धोंडाबाई लगबगीने आली. "अट ठरली हुती."

"तुमच्यात आन कोंडिबात ठरली हुती. आता ती तुमच्या घरची झाली. इचारा तिला."

मांडवातला गलका कमी झाला. कोंडिबा पंगतीत वाढत होता, तो हातात बुंदीचं ताट घेऊन जागच्या जागी थांबला. मला वाटलं तो पुन्हा हात जोडणार, पण हात भरलेले होते.

नंदा उभी राहिली, पूर्ण. "मामी, भात लावताना वाकीन," ती म्हणाली. "तुमी म्हनाल त्या खाचरात, म्हनाल तेवडा येळ. फोटूसाठी न्हाई वाकायची."

"आन माज्या पोराला लोक हसल्याव?"

लोक हसणार होते हे खरंच होतं. सिद्धनाथ तेवढ्यात सोफ्यावर बसला आणि मोजडी ओढून काढू लागला. घट्ट होती, निघेना, शेवटी त्याने ती दोन्ही हातांनी उपटली.

"आये, त्या गाडीचा हॉर्न चांगला हुता," तो म्हणाला.

"हॉर्न?" धोंडाबाईला काही कळेना.

"मी दर खेपंला हॉर्न बिघडलाय म्हनून शोरूमला जायाचो का न्हाई? हॉर्नला काय झालं न्हवतं. ही दाराकडं टाचा वाजवीत यायची, टक टक करीत, मला बगून नमस्कार घालायची. म्या मान वर करून बगायचो. त्यापायीच जायाचो. तू तिचं तेच काडून घेतलंस." त्याने दुसरी मोजडी काढली. "आन ह्यात माजी बोटं मोडली सकाळधरनं."

धोंडाबाई पोराकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं की ती रागावली होती, मला सांगता येणार नाही. ती स्टेजच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभी राहिली. आजही ती माझ्याशी कामापुरतं बोलते. असू दे.

नंदाने सोनेरी चपला काढल्या आणि डाळिंबी सँडल घातल्या. सिद्धनाथ अनवाणी तिच्या शेजारी येऊन उभा राहिला. त्याचा फेटा तिच्या कानाला लागत होता. मागच्या पंगतीतून कोणीतरी हसलं, मग आणखी कोणी. दोघं हलली नाहीत.

वाल्मीकने कॅमेरा डोळ्याला लावला आणि खाली घेतला. "काकू, वहिनींचं डोकं कापलं जातंय."

"मंग तू मागं सर," मी म्हटलं.

तो मागे सरला. आणखी सरला. सरता सरता पंगतीतल्या बाकाला टेकला, तेव्हा कुठे नंदा पुरती मावली.

फोटो झाल्यावर मी अनवाणी खाली उतरत होते. यजमान पायरीशी माझ्या जुन्या चपला हातात घेऊन उभे होते. घरातून निघताना त्यांनी त्या गुपचूप पिशवीत टाकल्या होत्या, मी कधीतरी टाचांना कंटाळेन म्हणून. मी त्यांना हाताला धरून वर आणलं.

"आपला बी एक काडू," मी म्हटलं.

"आता? ह्या वयात?"

"आता."

आम्ही उभे राहिलो, खांद्याला खांदा. मी गुडघे ताठ केले, पाठ सरळ केली. आणि मला जाणवलं की शेजारचा खांदा हळूच वर येतो आहे. मी खाली पाहिलं. यजमान चवड्यांवर उभे होते.

"अवं, टाचा टेकवा की."

"सवय हाय," ते समोर बघतच म्हणाले.

"कसली सवय?"

"त्या फोटूत बी उचलल्याच हुत्या. त्या फोटूवाल्यानं कानात सांगितलं हुतं मला. लई येळ लावला त्यानं. दोन दिस चालता येत न्हवतं."

म्हणजे त्या फोटोत मी खाली जात होते आणि हे वर येत होते, आणि इतकी वर्षं एका घरात राहून दोघांनी एकमेकांना ते सांगितलं नाही. रोज सकाळी त्याच फोटोखाली बसून चहा प्यायलो. मला हसू आलं, आणि रागही आला. राग जास्त आला. राग फोटोवाल्यावर नव्हता, तो बिचारा कधीच गेला असेल. आम्हा दोघांवरच होता.

"टेकवा," मी म्हटलं.

त्यांनी टाचा टेकवल्या. त्यांचा खांदा माझ्या खांद्याखाली गेला, जिथे तो असतो तिथे. वाल्मीकने तोंड उघडलं, "काकू, जरा..." मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने तोंड मिटलं आणि बटण दाबलं.

तो फोटो मी मोठा करून आणला आणि जुन्याच्या शेजारी लावला. जुना काढला नाही. दोन्ही शेजारी आहेत. नंदा माहेरपणाला आली की आधी माझ्या ओट्यावर टाचा वाजवते, मग आत येते. घरी येणारा प्रत्येकजण नव्या फोटोपुढे थांबतो, आमच्या दोघांकडे बघतो आणि काहीतरी बोलावं म्हणून म्हणतो, "बानूबाई, ह्यात तुमी लई उंच दिसतायसा."

"दिसत न्हाई," मी म्हणते. "हाय मी तेवडी."